वेगळा पेला

दादाचे दुखणे सुरू झाले तेव्हा मी सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. पहिली यायचे, पुण्याला संशोधनासाठी जायचे आणि घरातल्या कोणी कधी पाहिली नाही अशी प्रयोगशाळा आईला दाखवायची, हा माझा बेत होता. दादाला तो पूर्ण ठाऊक होता. तो हळदीच्या एका व्यापाऱ्याचा ट्रक चालवत असे आणि फेरीवरून परत आला की पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय शास्त्रज्ञ, आज किती जंतू मारलं?"

घर मार्केट यार्डाच्या मागे, दोन खोल्यांचे. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. आई वखारीत हळकुंडे निवडायला जात असे. तिच्या हातांच्या रेषा बारा महिने पिवळ्या असत. वहिनी लोणंदची. त्यांची मुलगी, माझी भाची, नुकतीच बालवाडीत जाऊ लागली होती आणि दारात हॉर्न वाजला की वडिलांच्या आधी ट्रकला हात लावून यायची.

कोकणात माल टाकून दादा पाटणमार्गे परत आला आणि दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब सुरू झाले. वाटेत एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे त्याने पाटाच्या पाण्यात धुतलेली कोथिंबीर आणि मुळा भाकरीबरोबर खाल्ला होता. कारण तेच असेल असे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. ट्रक चालवणारा माणूस दहा गावांचे पाणी पितो. त्या दहांतले एक पुढे सिद्ध करता येत नाही.

जुलाब पाण्यासारखे होते. रक्त नव्हते, ताप जेमतेम. चार दिवसांनी थांबले, आम्ही निर्धास्त झालो, आणि आठवड्याने पुन्हा सुरू झाले. असे थांबत, परतत दीड महिना गेला. गल्लीतल्या डॉक्टरांनी नेहमीच्या गोळ्या दिल्या, सलाइन लावले, शौचाची तपासणी करून घेतली. अहवालात काही आढळले नव्हते. दादाची भूक गेली, ट्रकच्या पायरीवर चढताना त्याला मध्येच थांबावे लागू लागले. पट्ट्याला खिळ्याने नवी भोके पाडण्याचे काम तो स्वतःच करत असे. पट्टा फरशीवर ठेवून, दगडाने ठोकत.

"ट्यूब गळाया लागली का टायरचं कसं होतं," तो भोक पाडता पाडता म्हणाला, "हवा भरली का दोन दिस पळतंय, फिरून बसतंय. तसं झालंय माझं."

"मग पंक्चर कुठं हाय ते बघा की," वहिनी म्हणाली. ती हसत नव्हती.

नव्वदच्या त्या दशकात सांगलीच्या भिंतींवर एका रोगाबद्दलचे इशारे ठळक अक्षरांत रंगवलेले असत. यार्डाच्या कमानीजवळच्या भिंतीवरही एक होता. ट्रक रांगेने उभे राहत, नेमके त्याच्या समोर. लोकांनी तो वाचला होता, आणि वाचून एक सोपे गणित मांडले होते. ट्रक ड्रायव्हर आणि झडत चाललेले अंग, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तिसरी गोष्ट कोणी विचारत नसे. आमच्याकडे कोणी स्पष्ट काही बोलले नाही. फक्त शेजारच्या काकूंनी भाचीला त्यांच्याकडे खेळायला बोलावणे बंद केले, आणि व्यापाऱ्याने "जरा विश्रांती घे" म्हणून ट्रकची किल्ली दुसऱ्याकडे दिली.

दादा आपणहून सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणीला रक्त देऊन आला. "मी कुटं शेण खाल्लं न्हाई, मग भ्यायचं कशाला?" तो म्हणाला. अहवाल निगेटिव्ह आला. वहिनीने तो देवळीत भिंतीवरच्या तसबिरींखाली ठेवला आणि त्या दिवशी शिरा केला.

तरीही शंका गेली नाही. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "आवं, पयल्या पयल्यांदा रक्तात दिसत न्हाई म्हनं त्यो. तीन म्हयनं जावं लागत्यात."

हे अर्धे खरे होते. साफ खोटे असते तर मी ते एका वाक्यात खोडले असते. अर्ध्या खऱ्याला उत्तर देताना "हो, पण" असे सुरू करावे लागते, आणि आमच्या गल्लीत "हो"च्या पुढचे ऐकायला कोणी थांबत नसे.

त्यानंतरच्या आठवड्यात खिडकीच्या कट्ट्यावर एक स्टीलचा पेला दिसू लागला. इतर भांडी मांडणीत, हा एकटा बाहेर. त्याच्या बुडाला नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका होता.

तो ठिपका मला इतका का लागला, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आईच्या माहेरच्या गावात एसटी थांब्यावर एक हॉटेल होते. तिच्या लहानपणी त्या हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेल्या कपबशा असत, आमच्या लोकांसाठी. चहा पिऊन कप आपणच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. पाणी हवे असेल तर ओंजळ करायची. वरून कोणी ओतेल. माझ्या आजोबांनी त्या हॉटेलात आयुष्यात चहा घेतला नाही. छप्पन साली गावातल्या आमच्या घरांनी धम्म स्वीकारला, तेव्हा तरण्या पोरांनी त्या कपबशा काढून नदीत टाकल्या, आणि टाकणाऱ्यांत आईचा थोरला भाऊ होता. दर वर्षी धम्मदीक्षेच्या दिवशी आई ही हकीकत आम्हाला सांगायची. सांगताना ती हाताने कप भिरकावून दाखवायची. दादा आणि मी तो आवाज तोंडाने काढायचो, डुबुक.

"आई, हे काय आहे?" मी पेला हातात घेऊन विचारले.

"काय काय? पेला हाय."

"ठिपका कशाला?"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "पोरगी ल्हान हाय. कुनाच्या बी पेल्याला तोंड लावती."

"रक्ताचा अहवाल निगेटिव्ह आहे. आणि तो रोग असता तरी पेल्यातून पसरत नाही."

"असंल. तू शिकल्यालीस, तुला म्हाईत. मला भ्या वाटतं, त्याला काय करू?"

आईला दादाचा तिटकारा आला नव्हता; त्याचे मळलेले कपडे तीच धूत होती, त्याच्या पाठीला तेल तीच चोळत होती. दादा दारातून सगळे ऐकत होता. तो आत आला, माझ्या हातातून पेला घेतला, माठातून भरला आणि प्याला.

"बरं केलंस, आये," तो म्हणाला. "आता माझा पेला कुनी चोरनार न्हाई."

वहिनीने त्याच्याकडे पाठ फिरवली. चार दिवसांनी तिचे वडील लोणंदहून आले. साधा, कष्टाळू माणूस. स्टेशनाजवळच्या एका कारखान्यात काम करणारा. त्यांनी आवाज चढवला नाही. ते दादालाच म्हणाले, "पावनं, राग धरू नगा. दुखन्याचं नाव कळू द्या. नाव कळलं का पोरीला आन् नातीला मीच आनून सोडतो."

दादा म्हणाला, "न्या, मामा. तिला बी इसावा मिळंल." भाची एसटीच्या खिडकीतून हात हलवत गेली. तिला वाटत होते सुट्टी लागली आहे.

आता सगळे एका नावावर येऊन थांबले होते आणि नाव शोधणे हे माझे क्षेत्र होते.

आमच्या विभागात परजीवीशास्त्र शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. मी त्यांना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "साधी तपासणी झाली, म्हणजे मिठाच्या पाण्यात आणि आयोडीनमध्ये पाहिले. अमिबा किंवा जिआर्डिया असता तर बहुधा दिसला असता. आम्ल-रंजन केले का?"

केलेले नव्हते. ते रंजन, म्हणजे काचेवरचा नमुना रंगवण्याची पद्धत, क्षयाचे जंतू शोधताना करतात त्याच धर्तीचे पण सौम्य, शौचाच्या नमुन्यावर सहसा फक्त एड्सच्या रुग्णांसाठी करत. कारण पुस्तकांत लिहिले होते की त्या रंजनाने दिसणारे परजीवी प्रतिकारशक्ती खचलेल्यांना होतात. यातली मेख मला त्या दिवशी प्रथमच स्वच्छ दिसली. ज्यांची तपासणी केली त्यांच्यात ते सापडले. ज्यांची केलीच नाही त्यांना ते होत नाहीत, असे ठरून गेले. धडधाकट माणसाच्या पोटातही ते जाऊ शकतात, आठवडेच्या आठवडे राहू शकतात, फक्त तिथे त्यांना कोणी विचारायला गेलेले नव्हते.

दादाने नमुना दिला तेव्हा त्याचा जुना सूर थोडा परत आला. "एवढं शिकून शेवटी माझ्या पोटात यावं लागलं व्हय गं तुला?"

पहिल्या काचपट्टीवर काही नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात होते. निळ्या पार्श्वभूमीवर गोल, गुलाबी. काही गडद, काही फिके, काही तर रंग न घेतलेले, काचेच्या मण्यांसारखे. मला अत्यानंद झाला. तो लपवण्याचे कारण नाही. मी बाईंना बोलावले आणि एड्सच्या रुग्णांत नेहमी सापडणाऱ्या परजीवीचे नाव घेतले. त्यांनी भिंगात पाहिले.

"मोजलेत?"

"नाही."

"मोजल्याशिवाय नाव घ्यायचे नाही."

त्यांनी मोजपट्टीचे भिंग बसवले. ते गोल अपेक्षेपेक्षा जवळजवळ दुप्पट मोठे होते. म्हणजे हा तो नव्हताच. हा त्याचा भाऊबंद, सायक्लोस्पोरा. त्याला हे नाव मिळूनही फार वर्षे झाली नव्हती. बाईंनी एक नियतकालिक काढून माझ्यासमोर ठेवले. निरोगी प्रवाशांत, निरोगी मुलांत, दूषित पाण्यातून आणि भाजीपाल्यातून. जुलाब जातात, परततात. वजन उतरते, थकवा राहतो. सल्फा गटातल्या एका जुन्या संयुक्त गोळीने बरा होतो. नेहमीच्या गोळ्या त्याला लागू पडत नाहीत. मी दादाचेच वर्णन वाचत होते.

मी दादाला विभागात आणून ते दाखवले. तो स्टुलावर बसला, एक डोळा मिटला, बराच वेळ पाहत राहिला.

"ह्यो?"

"हो."

"एवढंसं? ह्याच्यापायी माझी बायकू माहेरी गेली?" आणि मग, भिंगावरून डोळा न काढता, "दिसायला चांगलं हाय गं. गुलालासारकं."

बाईंनी अहवाल दिला, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो वाचून गोळ्या सुरू केल्या. मी गोळ्यांचा गुण येण्याची वाट पाहिली नाही. नाव मिळाले होते. अहवालाची प्रत घेऊन मी सातारा गाठले, तिथून लोणंदची गाडी धरली. वाटेत वहिनीला काय सांगायचे ते मनात तीनदा मांडले: नाव, कारण, उपाय.

वहिनीने नाव उच्चारून पाहिले. तिच्या जिभेवर ते बसेना आणि ती कितीतरी दिवसांनी हसली. तिचे वडील म्हणाले, "आमच्या डाक्टरास्नी एकदा दाखवू. मग उद्याच निघा."

त्यांचे डॉक्टर वयस्क होते, गावात मान असलेले. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, मग कपाटातून एक जाड पुस्तक काढले. ते नाव त्यात नव्हते. मग त्यांनी त्याच्या कुळाचे नाव शोधले, ते होते. बोट ओळीवरून हळूहळू सरकत गेले, आणि ते प्रकरणाच्या शीर्षकाशी गेले तेव्हा मला समोरूनही, उलट्या अक्षरांत, ते वाचता आले. एड्समधील संधिसाधू संसर्ग.

"डॉक्टर, हे पुस्तक छापले तेव्हा हा जीव कोणी नीट ओळखलाच नव्हता," मी म्हणाले. "आणि कूळ एक असले म्हणून आजारी पडणारा माणूस एकाच प्रकारचा असतो असे नाही. त्याची प्रतिकारशक्ती चांगली आहे. रक्त निगेटिव्ह आहे."

"तीन महिने झाले का त्या रक्ताला?"

"नाही. पण—"

त्यांनी पुस्तक मिटले. आवाजात तुच्छता नव्हती. असती तर बरे झाले असते. "तुम्ही बहीण आहात. मी समजू शकतो."

बाहेर आल्यावर वहिनीचे वडील कितीतरी वेळ चपला शोधत राहिले. समोरच होत्या. मग म्हणाले, "ताई, तुमी खोटं बोलताय असं मी म्हनत न्हाई. पर नाव कळलं म्हनून आलो, आन् नाव त्याच पानावर निघालं."

गोळ्यांनी आठवड्याच्या आत गुण आला. दादाने प्रथम भाकरी मागितली, मग दुसरी मागितली. आई चुलीपुढे बसून त्याच्याकडे नुसती बघत होती. पट्ट्याची भोके एकेक करून मागे गेली. गल्लीत म्हणू लागले, औषधाने तात्पुरते टवटवीत दिसते माणूस. तीन महिने उलटले, त्याने पुन्हा रक्त दिले, पुन्हा निगेटिव्ह. बरे होणे हाच माझ्या मते सर्वांत मोठा पुरावा होता. प्रतिकारशक्ती शाबूत असलेला माणूस असाच बरा होतो. दोन्ही अहवाल घेऊन आम्ही दोघे लोणंदला निघालो. साताऱ्यात गाडी बदलताना दादाने कंदी पेढे घेतले आणि मुलीसाठी एक शिट्टी.

दादाचे सासरे कामावर होते. आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. आतून भाचीचा आवाज येत होता, वहिनीचा नव्हता. दादाची सासू बाहेर आली. हातात भरलेला तांब्या होता आणि एकच पेला. पेला तिने माझ्यासमोर ठेवला.

मग ती दादाकडे वळली आणि तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. दादाने तिच्याकडे पाहिले, तांब्याकडे पाहिले. त्याने असे पाणी आयुष्यात कधी प्यायलेले नव्हते. ते आमच्या पिढीला फक्त ऐकून ठाऊक होते. तरी त्याचे हात जुळले. ओंजळ झाली. आणि ती माउली, जिने लहानपणी स्वतः अशाच ओंजळी धरल्या असणार, हात वर नेऊन पाणी सोडू लागली. तांब्याची कड त्याच्या बोटांपासून चांगली वीतभर वर होती. धार मधेच हलली. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिले तेव्हा ती दादाकडे पाहत नव्हती, आपल्या हाताकडे पाहत होती. पण तो तिने खाली आणला नाही.

भाची उंबऱ्यात आली होती. "पप्पा, तुम्हाला पेला न्हाई व्हय?"

दादाने मनगटाने तोंड पुसले. "ह्यो हाताचा पेला, बाळा. लय भारी. फुटत न्हाई का तुटत न्हाई."

तिने लगेच आपली ओंजळ पुढे केली. "आज्जी, मला बी."

आजीने तांब्या खाली ठेवला आणि ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

वहिनी दाराच्या फळीआड उभी होती. दादाने अहवाल तिच्याकडे धरले. तिने ते घेतले, उघडले नाहीत. "माझा इश्वास हाय," ती म्हणाली. "पर हितं कुनाचाच न्हाई. पोरीला घेऊन आले आन् उद्या तिला काय झालं, तर मला ह्या दारात कोन उभं करील?"

"काय हुनार न्हाई तिला."

"मला म्हाईत हाय." तिने पेढ्यांचा पुडा हातात घेतला, सुतळी सोडली, परत बांधली. "मला म्हाईत हाय वं."

शिट्टी मात्र भाचीने घेतली. आम्ही वळणावर पोचेपर्यंत ती वाजत होती.

मी त्या वर्षी पहिली आले. पुण्याला गेले. आजही जुलाबाचा प्रत्येक नमुना त्याच रंजनाने पाहावा असा माझा आग्रह असतो, रुग्ण कितीही धडधाकट असो, आणि गोल दिसले की आधी मोजावे. सहकारी त्याला माझा हट्ट म्हणतात. वहिनी आली नाही. त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. पुन्हा ट्रक मिळाल्यावर दादा लोणंदच्या बाजारात कांदा भरायला जाई, तेव्हा भाचीच्या शाळेच्या कुंपणापाशी ट्रक थांबवत असे. हॉर्न वाजवत नसे.

लोणंदहून परतलो त्या संध्याकाळी आई वाट पाहत दारात बसली होती. आमच्या मागे कोणी नाही हे तिने पाहिले. खिडकीच्या कट्ट्यावर पेला नव्हता. तिने दिवसभर बसून त्याच्या बुडाचा लाल रंग राखेने घासून काढला होता आणि तो मांडणीत इतर पेल्यांत मिसळून टाकला होता. सगळे सारखे, सगळे लखलखीत. तिची बोटे पिवळी नव्हती, काळी झाली होती.

"घे की," ती दादाला म्हणाली. "कुठला बी घे."

दादा मांडणीसमोर उभा राहिला. मग त्याने एकेक पेला उचलून बुडाकडून उजेडात धरला. एकाचे बूड घासून इतरांपेक्षा पांढरे पडले होते. तोच त्याने माठातून भरला, प्याला, विसळला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला.